अमेरिकेतील वैयक्तिक दिवाळखोरी : पॅरालीगलची भूमिका आणि ऋणकोला वकील उपलब्ध होण्याचा प्रश्न

प्रस्तावना :

कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या प्रामाणिक व्यक्तीला कायद्याने पुन्हा उभे राहण्याची संधी द्यावी, हा विचार अमेरिकेच्या दिवाळखोरीविषयक कायद्याचा पाया मानला जातो. १९७८ साली संमत झालेली आणि १ ऑक्टोबर १९७९ पासून अमलात आलेली दिवाळखोरी संहिता या विचारावर उभी आहे. न्यायालयात अर्ज दाखल होताच धनकोंच्या वसुलीच्या सर्व कारवाया आपोआप स्थगित होतात. दूरध्वनीवरून होणारे तगादे, वेतनावरील जप्ती, घराचा लिलाव हे सारे थांबते आणि प्रक्रिया पूर्ण झाल्यावर बहुतांश असुरक्षित कर्जांतून ऋणकोची मुक्तता होते. कायद्याच्या पुस्तकात ही व्यवस्था उदार दिसते. प्रत्यक्षात तिच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी जो मार्गदर्शक लागतो, तो वकील. आणि ज्याच्याजवळ कर्ज फेडण्यास पैसे उरलेले नाहीत, त्याच्याजवळ वकिलाचे शुल्क कोठून यावे, हा पेच या व्यवस्थेत सुरुवातीपासून आहे. या पेचातून निर्माण झालेल्या पोकळीत पॅरालीगल, अर्जलेखक आणि त्यांच्या आधारे चालणारी मोठी वकिली कार्यालये यांचा विस्तार झाला. प्रस्तुत लेखात या विस्ताराची कारणे, त्यातून ऋणकोपुढे उद्भवणाऱ्या समस्या आणि त्यांवर कायद्याने घातलेले निर्बंध यांचे विवेचन केले आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण :

'पॅरालीगल' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकाला वेगळ्या अर्थाने परिचित आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये आखलेल्या योजनेतील विधी स्वयंसेवक गावपातळीवर लोकांना त्यांच्या हक्कांची माहिती देतात आणि विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोहोचवतात. अमेरिकेतील पॅरालीगल हा स्वयंसेवक नसून वकिलाच्या कार्यालयातील पगारी, बहुधा प्रशिक्षित कर्मचारी असतो. कागदपत्रे गोळा करणे, मसुदे तयार करणे, पक्षकाराशी संपर्क ठेवणे ही त्याची कामे. आपल्याकडील वकिलाच्या कारकुनापेक्षा त्याचे शिक्षण व जबाबदारी अधिक असते. परंतु कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार त्यालाही नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श आचारनियमांपैकी ५.३ क्रमांकाचा नियम अशा कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी वकिलावर टाकतो.

याहून निराळा वर्ग अर्जलेखकांचा. दिवाळखोरीचा अर्ज मोबदला घेऊन तयार करणारी, पण स्वतः वकील नसलेली आणि कोणत्याही वकिलाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम न करणारी व्यक्ती म्हणजे संहितेच्या कलम ११० मधील अर्जलेखक. आपल्याकडे तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनवीसाशी त्याचे साम्य आहे. कित्येक अर्जलेखक आपल्या दुकानाच्या पाटीवर 'पॅरालीगल' हा शब्द लावीत आणि सामान्य माणूस त्याचा अर्थ 'स्वस्तातला वकील' असा घेई. कॅलिफोर्नियाने २००१ पासून अमलात आणलेल्या कायद्यानुसार वकिलाच्या देखरेखीवाचून काम करणाऱ्यास स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेता येत नाही. ही बंदी घालावी लागली, यावरून या शब्दाने किती फसगत होत असावी याची कल्पना येते.

अर्ज भरणे आणि सल्ला देणे :

दिवाळखोरीचा अर्ज हा अखेर छापील नमुन्यांचा संच आहे. रकाने भरण्यास वकील कशाला हवा, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर एका साध्या काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल.

एका कामगाराची नोकरी गेली. क्रेडिट कार्डांची व रुग्णालयाची देणी वाढत गेली. अडचणीच्या काळात त्याने सख्ख्या भावाकडून चार हजार डॉलर उसने घेतले होते. पुढे थोडे पैसे हाती येताच, बँकेचे राहिले तर राहो, भावाचे आधी फेडावे, अशा भावनेने त्याने ती रक्कम परत केली. दोन महिन्यांनी तो दिवाळखोरीचा अर्ज करावयास गेला. नमुन्यात एक प्रश्न असतो : गेल्या एक वर्षात आपण नातलगास काही रक्कम दिली आहे काय? पॅरालीगल प्रश्न वाचतो, कामगार 'होय' म्हणतो, रकाना भरला जातो, अर्ज दाखल होतो. नमुन्याच्या दृष्टीने येथे कोणतीही चूक घडलेली नाही.

चूक घडते ती पुढे दिसते. संहितेच्या कलम ५४७ नुसार अर्जापूर्वीच्या एक वर्षाच्या आत निकटच्या नातलगाला दिलेली अशी रक्कम हे इतर धनकोंना डावलून दिलेले झुकते माप ठरू शकते आणि न्यायालयीन विश्वस्त ती त्या भावाकडून वसूल करू शकतो. ज्या भावाने संकटात हात दिला, त्याच्याच दारी वसुलीची नोटीस जाते. रक्कम दिल्यापासून वर्ष उलटेपर्यंत अर्ज लांबणीवर टाकणे शक्य आहे काय, की घराच्या लिलावाची तारीख त्याआधीच येते, याचा हिशेब अर्जापूर्वी करावयाचा असतो. असा हिशेब मांडणे हाच कायदेशीर सल्ला होय आणि तो देण्यास पॅरालीगलला मनाई आहे. येथे आणखी एक अडचण आहे. प्रकरण ७ खालील अर्ज ऋणकोला स्वतःच्या मर्जीने मागे घेता येत नाही. त्यासाठी न्यायालयाला सबळ कारण पटवून द्यावे लागते. चूक ध्यानात येते तेव्हा परतीची वाट बहुधा बंद झालेली असते.

मालमत्तेच्या सवलतींचा प्रश्नही असाच आहे. कोणती मालमत्ता ऋणकोकडे राहावी हे प्रत्येक राज्याच्या कायद्यानुसार बदलते. टेक्सास व फ्लोरिडा या राज्यांत राहत्या घराला मूल्याची मर्यादा न ठेवता संरक्षण मिळते (जमिनीच्या क्षेत्रफळाची मर्यादा मात्र आहे), तर इतरत्र ते ठरावीक रकमेपुरते असते. त्यातच २००५ च्या दुरुस्तीनुसार गेल्या ७३० दिवसांत ऋणकोने राज्य बदलले असल्यास पूर्वीच्या राज्याचा कायदा लागू होऊ शकतो. नोकरीच्या शोधात राज्य ओलांडून आलेल्या माणसाचा अर्ज नव्या राज्याच्या सवलती धरून भरला गेला, तर त्याचे घर वा मोटार धोक्यात येते. प्रकरण ७ निवडावे की प्रकरण १३, हा तर याहून मोठा निर्णय. पहिल्यात सवलतीबाहेरची मालमत्ता विकून साधारण चार महिन्यांत ऋणमुक्ती मिळते. दुसऱ्यात तीन ते पाच वर्षे उत्पन्नातून हप्ते भरावे लागतात, पण थकलेले गृहकर्ज भरून काढून घर वाचविता येते.

वकील दुर्मीळ का झाला :

१९७३ साली युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला की, दिवाळखोरीचे पन्नास डॉलरचे न्यायालयीन शुल्क गरिबीच्या कारणाने माफ करण्याचे घटनात्मक बंधन सरकारवर नाही. पन्नास डॉलर भरता न आल्याने दिवाळखोर होता न येणे, या विसंगतीवर अल्पमतातील न्यायाधीशांनी बोट ठेवले होते. प्रकरण ७ खालील शुल्क अत्यंत गरीब अर्जदारांस माफ करण्याची तरतूद पुढे २००५ मध्ये झाली. हे शुल्क २०२० च्या अखेरीस ३३८ डॉलर झाले. परंतु खरा भार न्यायालयीन शुल्काचा नसून वकिलाच्या शुल्काचा आहे.

२० एप्रिल २००५ रोजी स्वाक्षरी झालेल्या आणि १७ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्ती कायद्याने हा भार वाढविला. उत्पन्नाची चाचणी, अर्जापूर्वी पतसमुपदेशन, ऋणमुक्तीपूर्वी आर्थिक शिक्षणाचा वर्ग, वेतनपत्रके व करविवरणपत्रे सादर करण्याचे बंधन अशा अटी त्याने घातल्या. अर्जातील माहितीची वाजवी चौकशी आपण केली आहे, असे प्रमाणित करण्याची जबाबदारी कलम ७०७ ने स्वाक्षरी करणाऱ्या वकिलावर टाकली. परिणामी काम वाढले आणि शुल्कही वाढले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रकरण ७ साठीचे वकिलाचे सरासरी शुल्क २००५ च्या आरंभी ७१२ डॉलर होते. ते २००७ मध्ये १,०७८ डॉलरवर गेले. नवा कायदा लागू होण्यापूर्वी झालेल्या गर्दीमुळे २००५ मध्ये वीस लाखांहून अधिक अर्ज आले होते, तर २००६ मध्ये ते सुमारे सहा लाखांवर घसरले. सहा लाख हा आकडा काही लोकांची कर्जे फिटल्याचे लक्षण नव्हता.

शुल्काची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच ते केव्हा द्यावयाचे ही बाबही महत्त्वाची आहे. लेमी विरुद्ध युनायटेड स्टेट्स ट्रस्टी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे ठरविले की, प्रकरण ७ मध्ये ऋणकोच्या वकिलाचे शुल्क दिवाळखोरीच्या मालमत्तेतून देता येत नाही. अपवाद फक्त विश्वस्ताने न्यायालयाच्या मान्यतेने नेमलेल्या वकिलाचा. शिवाय अर्जापूर्वीच्या कामाचे शुल्क थकले असेल, तर तेही एक कर्जच होते आणि इतर कर्जांबरोबर बुडते. म्हणून वकील सर्व शुल्क आगाऊ मागतो आणि ऋणको महिनोन्‌महिने हप्त्यांनी ते साठवीत राहतो. या काळात त्याच्यावर अद्याप स्थगितीचे छत्र नसते. तगादे चालूच असतात, वेतन जप्त होत असते आणि 'आता काय करू' हे विचारण्यासाठी तो कार्यालयात दूरध्वनी करतो. पलीकडून बोलतो तो पॅरालीगल. वकिलाची खरी गरज ज्या महिन्यांत असते, नेमक्या त्याच महिन्यांत वकील भेटत नाही.

प्रकरण १३ मध्ये मात्र वकिलाचे शुल्क पुढील हप्त्यांतून देता येते. त्यामुळे 'आज एक पैसाही न देता दिवाळखोरी' अशा जाहिराती निघाल्या. हाती पैसा नसलेला माणूस चार महिन्यांच्या स्वस्त मार्गाऐवजी पाच वर्षांच्या महाग मार्गावर जातो आणि हप्ते चुकले की ऋणमुक्तीही हुकते. या प्रश्नात वंशाचाही पदर आहे. जीन ब्राउचर, डोव्ह कोहेन व रॉबर्ट लॉलेस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कृष्णवर्णीय ऋणको इतरांच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणावर प्रकरण १३ खाली अर्ज करतात, असे आढळले. परिस्थिती तीच ठेवून केवळ नावांवरून अर्जदार कृष्णवर्णीय असल्याचे सूचित केले, तेव्हा वकिलांनी सुचविलेला मार्गही बदलला, हा त्यातील अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष.

कार्यालयाच्या आतील चित्र :

अर्जलेखकावर टीका करणे सोपे आहे. परंतु ऋणकोने शुल्क भरून वकील नेमला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. मोठ्या संख्येने अर्ज हाताळणाऱ्या कार्यालयांत पहिल्या भेटीपासून अर्ज दाखल होईपर्यंतची सारी कामे कर्मचारीच उरकतात. ऋणको वकिलाला प्रथम पाहतो तो कलम ३४१ खालील धनको-सभेत, म्हणजे अर्जानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी. तेथे विश्वस्त शपथेवर प्रश्न विचारतो : 'अर्ज स्वाक्षरीपूर्वी आपण वाचला काय? त्यातील माहिती खरी आहे काय?' शेजारी बसलेला वकील कित्येकदा त्या दिवसापुरता पाठविलेला असतो आणि त्याने संचिका त्याच सकाळी हाती घेतलेली असते. करोना साथीनंतर या सभा दूरध्वनीवरून व पुढे दृक्‌श्राव्य माध्यमातून होऊ लागल्या. प्रवासाचा खर्च वाचला हे खरे. पण सभेआधी व्हरांड्यात वकिलाशी जी पाच मिनिटे बोलता येत, तीही गेली.

अर्ज संगणकीय प्रणालीतून दाखल होतो. प्रणालीचा परवलीचा शब्द वकिलाचा असतो. तो प्रत्यक्षात कोणाच्या बोटांनी उमटतो, हे न्यायालयाला दिसत नाही. एखादे विवरणपत्र राहून गेले, तर कलम ५२१ नुसार ४५ दिवसांनंतर अर्ज आपोआप निकाली निघू शकतो. त्यानंतर वर्षभरात दुसरा अर्ज केल्यास स्थगिती केवळ तीस दिवस टिकते; वर्षात दोन अर्ज निकाली निघाले असतील, तर तिसऱ्या अर्जावर ती आपोआप लागूच होत नाही. मुदत वाढवून घेण्यासाठी ऋणकोला आपला सद्‌हेतू न्यायालयापुढे सिद्ध करावा लागतो. कर्मचाऱ्याच्या विस्मरणाची किंमत अशा रीतीने ऋणकोच्या घराने चुकती होते.

व्हर्जिनियाच्या पश्चिम जिल्ह्यातील दिवाळखोरी न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात उल्लेखनीय आहे. देशभर संकेतस्थळाद्वारे पक्षकार मिळविणाऱ्या एका वकिली संस्थेत ऋणकोंशी प्रथम बोलणारे कर्मचारी वस्तुतः विक्री प्रतिनिधी होते. दूरध्वनीवरच शुल्क ठरवून घेणे हे त्यांचे काम आणि तेच दिवाळखोरीबाबत सल्लाही देत. न्यायालयाने मोठा आर्थिक दंड ठोठावला आणि त्या जिल्ह्यात किमान पाच वर्षे काम करण्यास संस्थेला मनाई केली. देखरेख केवळ कागदावर असेल, तर वकिलाच्या छत्राखालचा पॅरालीगल आणि रस्त्यावरचा अर्जलेखक यांत ऋणकोच्या दृष्टीने फरक राहत नाही. उलट पहिल्याला तो अधिक पैसे देतो.

कलम ११० चे निर्बंध :

१९९४ च्या दुरुस्तीने संहितेत आलेले आणि २००५ मध्ये अधिक कडक झालेले हे कलम अर्जलेखकाला बंदी घालीत नाही, मर्यादा घालते. त्याने अर्जावर आपले नाव, पत्ता व स्वाक्षरी द्यावी. आपण वकील नसून सल्ला देऊ शकत नाही, अशी लेखी सूचना शुल्क घेण्यापूर्वी द्यावी. जाहिरातीत 'कायदेशीर' या अर्थाचा शब्द वापरू नये. न्यायालयीन शुल्क स्वतःकडे घेऊ नये. अर्ज करावा की नाही, कोणते प्रकरण निवडावे, घर राहील काय, कोणती कर्जे सुटतील, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे नाही. प्रत्येक उल्लंघनास पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे. मालमत्ता दडविण्याचा सल्ला दिल्यास किंवा आपण दिवाळखोरीचा अर्ज करीत आहोत हे ऋणकोला कळूच न दिल्यास तो तिप्पट होतो. ही शेवटची तरतूद वाचून आश्चर्य वाटेल. पण घराचा लिलाव थांबवून देतो असे सांगून, समोरच्याला पुरती कल्पना न देता त्याच्या नावाने अर्ज ठोकून देणारे लोक होते, म्हणूनच ती करावी लागली.

संगणकप्रणालीही या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. माहिती भरली की सवलती निवडून तयार अर्ज देणारी एक सशुल्क प्रणाली चालविणारी फ्रँकफर्ट डिजिटल सर्व्हिसेस ही कंपनी अर्जलेखकच ठरते आणि तिने अनधिकृत वकिली केली, असा निर्णय नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये दिला. याउलट २०१६ मध्ये स्थापन झालेली अपसॉल्व्ह ही ना-नफा संस्था साध्या प्रकरण ७ अर्जदारांना असेच साधन विनामूल्य देते. मोबदला हा कलम ११० मधील व्याख्येचाच भाग असल्याने तिची स्थिती निराळी आहे. वकिलांवरही बंधने आली. ते 'ऋणसाहाय्य संस्था' या व्याख्येत मोडतात, असे मिलावेट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले.

तथापि या साऱ्या कलमांतून वकील मिळत नाही. काय करू नये हे अर्जलेखकाला सांगितले जाते. ऋणकोने मग कोणाला विचारावे, हे कलम सांगत नाही. लॉस एंजेलिस परिसराचा समावेश असलेल्या कॅलिफोर्नियाच्या मध्य जिल्ह्यात वकिलाविना केलेल्या अर्जांचे प्रमाण दीर्घकाळ देशाच्या सरासरीहून खूप अधिक राहिले आहे आणि विनावकील अर्जदाराची प्रकरण १३ मध्ये योजना मंजूर होऊन ऋणमुक्तीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अत्यल्प असते. काही राज्यांनी वकील आणि पॅरालीगल यांच्यामधील परवानाधारक वर्ग निर्माण करून पाहिला. वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये सुरू केलेला प्रयोग २०२० मध्ये नव्या परवान्यांसाठी बंद करण्याचा निर्णय घेतला, तर ॲरिझोनाने त्याच सुमारास आपली योजना आणली. परंतु त्यांचा भर कौटुंबिक व तत्सम वादांवर आहे. दिवाळखोरी हा संघराज्याच्या कायद्याचा विषय असल्याने तेथे राज्याचा परवाना सहजी चालत नाही.

भारतीय संदर्भ :

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ नुसार अनधिकृत वकिली हा भारतातही दंडनीय अपराध आहे. परंतु वैयक्तिक दिवाळखोरीच्या क्षेत्रात हा प्रश्न अद्याप फारसा उद्भवला नाही, कारण ती प्रक्रियाच सर्वसामान्यांना खुली झालेली नाही. २०१६ च्या दिवाळे व दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. इतरांसाठी अद्याप मुंबईसारख्या इलाखा शहरांत १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा ब्रिटिशकालीन कायदाच आहे. याच तिसऱ्या भागातील कलम ८० मध्ये वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांहून अधिक नसलेल्या, वीस हजारांपर्यंत मालमत्ता, पस्तीस हजारांपर्यंत पात्र कर्ज असलेल्या आणि स्वतःचे घर नसलेल्या ऋणकोसाठी 'नवी सुरुवात' प्रक्रिया योजलेली आहे. तेथे अर्ज स्वतः किंवा निराकरण व्यावसायिकामार्फत करता येईल, असे कलमाचे शब्द आहेत. ही तरतूद अमलात येईल तेव्हा महिन्याला पाच हजार रुपये मिळविणारा ऋणको हा अर्ज कोणाकडून लिहून घेईल आणि त्या लिहिणाऱ्यावर कोणते नियम लागू होतील, याबाबत कलम ११० सारखी कोणतीही तरतूद त्या भागात नाही.